नांदेडची अर्धी डाळ

प्रिय विशाखा,

तू होतीस तेव्हा मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. गरजच पडली नाही. लातूरहून नांदेडला एसटी होती, पुढे फोन आले, आणि आपल्याला बोलायला कधी निमित्त लागलं नाही. आज लिहायला बसले, कारण येत्या रविवारी तुझा पहिला स्मृतिदिन आहे आणि त्या कार्यक्रमात मला तुझ्या शेवटच्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचायचं आहे. प्रज्ञा सांगते, ही तुझीच इच्छा होती. "आई दवाखान्यात असतानाच म्हणाली, मावशी. डाळीचं प्रकरण नलूनंच वाचायचं, दुसऱ्या कुणी न्हाई."

तुझ्या लेकीला मी नाही म्हणू शकते. अजून वेळ आहे. पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणासमोर करता येण्यासारखं नाही.

तुझ्या प्रत्येक कादंबरीचं पहिलं वाचन माझ्या स्वयंपाकघरात झालं. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून तू लिहायचीस. प्रकरण पुरं झालं की शनिवारच्या गाडीनं लातूरला यायचीस, खिडकीजवळची खुर्ची ओढून घ्यायचीस आणि मोठ्यानं वाचायला लागायचीस. मी पोळ्या लाटत ऐकायची. माझं काम ठरलेलं होतं. खालून वर आलेल्या माणसांबद्दल तुला कुणाला विचारावं लागत नव्हतं. ती तुझ्या घरातली, रेल्वे क्वार्टर्समधली माणसं होती. श्रीमंतांसाठी मात्र तू माझ्याकडे यायचीस.

"नलूबाई, श्रीमंत खातं उघडा," म्हणायचीस.

पहिल्याच कादंबरीत तू मिलवाल्याच्या बायकोला सकाळच्या चहाला सगळे दागिने घालून बसवलं होतंस. मी इतकी हसले की तव्यावरची पोळी करपली.

"मग काय घालतात गं तुमच्यात?" तू चिडून विचारलंस.

"सुती पातळ. आईच्या पातळाला काठापाशी रफू असायचं. सोफ्यावर जुनी चादर असायची. चांगल्या कपबश्या कपाटातच."

"मग श्रीमंती दिसते कशात?"

मी थोडा विचार केला आणि म्हटलं, "आमच्या घरी कुणाला कसली घाई नसते."

तू लगेच पेन काढलंस. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा! माझं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं.

असं मी तुला सगळं दिलं. आमच्या डाळमिलमध्ये पप्पा तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल कशी ओळखायचे ते. आई घरखर्चाचे पैसे मागायची तेव्हा ती नेमकी कुठे उभी राहायची ते. क्लासेस काढून मोठे झालेले एक सर आमच्या घरी आले होते, एसटी स्टँडवर झोपून आपण कसे शिकलो ते सांगत होते, आणि ते गेल्यावर पप्पा नुसतं म्हणाले होते, "नवा माणूस आहे." तू विचारलंस, नवा म्हणजे वाईट का? मी म्हटलं, नाही गं. नवा म्हणजे ज्याला घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत अजून पाठ आहे असा. तेही तू उतरवून घेतलंस.

एकदा मी विचारलं होतं, "विशू, तुझ्या गोष्टींतले श्रीमंत नेहमी वाईटच का गं असतात?"

"वाईट कुठं हायत? आयते हायत," तू म्हणालीस. "वाईट माणसाला मेहनत करावी लागते."

मी हसले. मला वाटलं, हे माझ्याबद्दल नाही. आणि का वाटू नये? तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं की माझ्याकडे काहीच नाही?

पप्पा गेल्यावर महेशनं हक्कसोडपत्र करून आणलं होतं. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, तुला सही करायला सांगायची लाज वाटून राहिली. पण वकील म्हणतो, कागद साफ पाहिजे." तू त्या दिवशी रजा टाकून नांदेडहून आलीस. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी मला थांबवलंस.

"सही करू नको, नलू."

"मला आयतं नको गं. माझी शाळेतली नोकरी आहे, ह्यांची बँक आहे."

"तुला आयतं नको, लई चांगलं. मग महेशला काय घाम गाळून मिळणार हाय का? त्यालाबी आयतंच हाय की."

"माहेर तुटतं विशू."

तू म्हणालीस, "सहीवर उभं हाय तर माहेर कसलं ते." पण आत तू माझ्याबरोबर आलीस. मी सही करत असताना माझी पर्स तुझ्या हातात होती.

सही झाल्यावर महेशनं घरी नेऊन जेवू घातलं, साडी दिली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "अक्का, पप्पांची रीत मी मोडणार न्हाई. नव्या तुरीची पहिली डाळ दरवर्षी तुझ्या घरी येईल." आमच्याकडे ती रीत आजोबांपासूनची. हंगामाची पहिली डाळ निघाली की आधी लेकींच्या घरी जायची, मग बाजारात. त्यानं शब्द पाळला. दर माघात एक पोतं माझ्या दारात उतरतं. माझ्या बापाच्या मिलमधलं माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच.

त्यातली अर्धी डाळ तुझी, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं. तुला आठवत असेल, पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीनं नांदेडला आले होते. अहमदपूरजवळ गाडी बंद पडली, कंडक्टर म्हणाला, बाई, सोनं नेता का काय? तू पिशवी सोडलीस, मूठभर डाळ परातीत टाकलीस आणि म्हणालीस, "काय रंग हाय गं!" बरीच वर्षं मी अशी घेऊन आले. मग गुडघे गेले. महेश म्हणाला, "अक्का, कशाला बस बदलत फिरतीस? आपली गाडी जातीच की नांदेडला. तुझी अर्धी पिशवी परस्पर टाकत जाईन." मला बरं वाटलं. भाऊ माझ्या मैत्रिणीचीही आठवण ठेवतो, असं वाटलं.

आता शेवटच्या पुस्तकाबद्दल.

ते एकच तू मला वाचून दाखवलं नाहीस. आजारपणात मी पंधरा-पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला यायची, तुझे केस विंचरायची, पेज करायची. तू उशीला टेकून लिहीत असायचीस आणि मी खोलीत आले की कागद उलटे करून ठेवायचीस.

"वाच ना गं थोडं," मी म्हणायची.

"झोप यिऊन राहिली."

मला वाटलं, दमतेस. मी खिडकीचा पडदा ओढून बाहेर जायची. एवढी साधी मी, की तू माझ्यापासून लपवतेस हे मनातही आलं नाही.

पुस्तक आलं तेव्हा तू नव्हतीस. मी एका दुपारी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर लातूर, डाळमिल, मिलवाल्याची कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. नाव कमलिनी. नलिनीची कमलिनी! तेवढंही लपवायची तसदी घेतली नाहीस.

तुझी कमलिनी सही करत नाही. ती भावाशी कोर्टात भांडते, मिल मिळवते, केबिनमध्ये जाऊन बसते. दाण्याची ओल ओळखता येते हे चार लोकांत दाखवते, पण हमालाचं नाव तिला येत नाही. ती म्हणते, "आमच्या घरी कुणाला कसली घाई नसते." माझं वाक्य, विशू. ती मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये येते, सगळं बघते आणि गोड हसून विचारते, "केवढ्याला पडलं गं?" हे मी कधीच विचारलं नाही. तुझ्या घराची किंमत मी कधीही विचारली नाही.

आणि भाऊ? भावाला तू बिचारा केलंस. मिल गेल्यावर तो भाड्याच्या घरात राहतो, मुलीच्या फीसाठी वणवण करतो, वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं. प्रत्यक्षात महेशनं गेल्याच वर्षी दुसरी मिल टाकली.

रजिस्ट्रीच्या दारात मला कोण म्हणालं होतं, सही करू नको? तूच ना? मग मी सही केली नसती तर मी अशी झाले असते, हे तू तेव्हापासून धरून चालली होतीस का? जे मला माझ्या भावानं दिलं नाही ते तू पुस्तकात दिलंस, आणि मग ते घेतलं म्हणून साऱ्या महाराष्ट्रासमोर मला हलकं केलंस. इतक्या वर्षांत मला कुणी असं फसवलं नव्हतं. भावानंही नाही, असं तेव्हा वाटलं.

गावात लोक वाचतात, तुला वाटतं तितके कमी नाहीत. निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत जोशीबाई म्हणाल्या, "मॅडम, मिल तुमच्या नावावर आहे हे कधी बोलला नाहीत." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन बसले तर चहा करायचंही सुचेना.

महेश मात्र खूष. त्यानं काही वाचलेलं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून फोन आला.

"अक्का, आपल्या मिलवर कादंबरी आली म्हणं. लई भारी झालं. मी हाय का त्यात?"

"आहेस."

"चांगला हाय ना?"

"फार चांगला आहेस. तुझ्यावर अन्याय होतो."

"होय का?" तो खरंच सुखावला. "ताईंनी आपल्या घराची कदर ठेवली बघ. स्मृतिदिनाच्या हॉलचं भाडं आपल्याकडून. मी स्वतः येतो, पुढं बसतो."

आणि ते डाळीचं प्रकरण. कमलिनीची शाळेपासूनची मैत्रीण रत्ना, रेल्वे क्वार्टर्समधली, शिकून अधिकारी झालेली. कमलिनी दरवर्षी तिला डाळ पाठवते. रत्ना पिशवी सोडते. आत तुकडा, टरफलं, जनावरांच्या खाण्यात जाते ती चुनी मिसळलेली. रत्ना परात घेऊन बसते आणि दोन दुपारी ती डाळ निवडते. मुलगी म्हणते, फेकून दे ना आई. रत्ना म्हणते, "मैत्रिणीनं पाठवली हाय." तिथे प्रकरण संपतं.

बाकी सगळं मी सोसलं असतं. लेखिका आहेस, उलटसुलट करशील, वाढवशील, ते तुझं काम. पण डाळ? माझ्या वाट्याची अर्धी डाळ तुझ्या घरी शिजली आणि तू तिला भीक केलंस? मी ठरवलं, प्रकरण वाचायचं नाही. हे फोनवर सांगणं बरं नव्हतं, म्हणून मागच्या आठवड्यात नांदेडला गेले.

प्रज्ञानं दार उघडलं. तुझ्यासारखीच उभी राहते, एक हात चौकटीवर. मी चहा घेतला, आणि मनात घोकत आले होते ते बोलून टाकलं. "बाळा, मला ते वाचता येणार नाही. तुझ्या आईनं खोटं लिहिलंय."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मावशी, कोणतं खोटं?"

"डाळीचं. मी तुमच्याकडे कधी तसली डाळ पाठवली नाही."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढून माझ्यासमोर ठेवला. "ह्या वर्षीची हाय. आई न्हाई, तरी गाडीवाला टाकून गेला. मला निवडायला वेळ न्हाई झाला."

मी हात घातला. विशू, मी मिलवाल्याची मुलगी आहे. मूठ उघडायच्या आधीच मला कळलं. खालच्या चाळणीचा माल. तुकडा, पिवळी भुकटी, टरफलं. शाळेच्या सुट्टीत मी पप्पांबरोबर मिलमध्ये फिरायची, तेव्हा हा ढीग वेगळा पडलेला असायचा. तो बोटांना कसा लागतो ते मला पक्कं ठाऊक आहे.

"अशीच येते?" मी विचारलं.

"तू यायची बंद झालीस तवापासून अशीच." मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई आधी म्हणायची, नलूनं बघितली नसंल. मग म्हणायची, बघायला काय झालं तिला?"

मी दिवाणावर बसून राहिले. भिंतीवर तुझा फोटो होता, खाली बुद्धाची लहान मूर्ती, शेजारी ताजी फुलं.

तिथूनच महेशला फोन लावला. ओरडले नाही. मला ओरडता येत नाही, ते कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लहानपणीच काढून टाकलं. मी नुसतं विचारलं, "महेश, नांदेडच्या पिशवीत कुठली डाळ भरतात?"

"वाटायची," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अगं, घरची डाळ घरच्यांना. बाकी द्यायची ती वाटायची. आपल्या मिलची रीतच हाय ती, तुला म्हाईत न्हाई का? सणावाराला मागायला येतात त्यांच्यासाठी वेगळी काढतेत. हमालाला नांदेड म्हटलं की तो तीच भरतो."

"ती माझ्या वाट्याची होती, महेश."

"तुझ्या वाट्याची तुझ्या घरी येती की, अक्का. चांगली येती ना? मग?" त्याला खरंच समजत नव्हतं. "त्या लोकांना इतकी वर्षं फुकट डाळ दिली, कुणी देतं का आजकाल?"

त्या लोकांना. इतकी वर्षं तुला तो ताई म्हणायचा. तू त्याच्या मुलाच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी किती खेटे घातलेस.

मला ती रीत माहीत होती, विशू. लहानपणापासून माहीत होती. घरची आणि वाटायची असे दोन ढीग मी डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या हातून सुटून पिशवी मिलच्या हाती गेली की ती कुठल्या ढिगाखाली धरली जाईल, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचावं लागलंच नाही. बघायला काय झालं तिला? हो गं. काय झालं होतं मला?

येताना लातूरच्या गाडीत मला एक जेवण आठवलं. तू एका शनिवारी वाचायला आली होतीस. मी वरण-भात वाढला. तू पहिला घास घेतलास आणि थांबलीस.

"ही डाळ कुठली गं?"

"तीच की," मी म्हटलं. "तुझ्याकडे येते ती."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, मीठ कमी झालंय. मग तू ताट पुढे केलंस आणि म्हणालीस, "वाढ अजून." दोनदा घेतलंस. त्या दिवशी तू नेहमीपेक्षा लवकर निघालीस, गाडीला वेळ होता तरी.

म्हणजे तुला त्या घासालाच कळलं होतं. माझ्या घरी एक डाळ शिजते आणि तुझ्या घरी दुसरी येते. आणि मी तोंड वर करून सांगतेय, तीच की! मी खोटं बोलतेय असं वाटलं तुला? की मला माहीतच नाही हे कळलं, आणि तेच जास्त लागलं?

का नाही बोललीस? त्याच क्षणी ताट सरकवून म्हणायचं होतंस, नलू, तुझा भाऊ मला भुसा पाठवतो. मी त्याच दुपारी मिलमध्ये गेले असते. गेले असते ना? का तुला याचीही खात्री नव्हती? मी महेशची बाजू घेईन, हसून म्हणेन की हमालाची चूक झाली असेल, एवढ्या-तेवढ्याचं काय मनाला लावून घेतेस, असं वाटलं तुला? आपण एका बाकावर बसलो. इंग्रजीच्या तासाला मी तुला उच्चार सांगितले, गणिताला तू मला वाचवलंस. तुझ्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी खायला मी, शाळेसाठी नांदेडला जिच्याकडे राहायची त्या आत्याला न सांगता, रेल्वे क्वार्टर्समध्ये यायची. एवढं सगळं असून तू साऱ्या महाराष्ट्राला सांगितलंस, आणि मला एकटीला नाही.

माझा राग तिथे आहे, विशू. कमलिनीवर नाही.

कमलिनीचं मला आता थोडं कळतं. तुझ्या पुस्तकात मिल कुणाला मिळते हा प्रश्न तुझ्यासाठी महत्त्वाचा नव्हताच. तुला म्हणायचं होतं, सही केली काय, न केली काय, नलूला जे मिळायचं ते आधीच मिळालं होतं. दुकानात आपण दोघी गेलो की मला गादीवर बसवून साड्या उलगडायचे आणि तुला विचारायचे, काय पायजे. तुझा पगार माझ्या दुप्पट होता. तू बाहेर येऊन म्हणायचीस, "तुझ्या तोंडावरच लिवलेलं हाय." मी ती गंमत समजायची. तू सरकारी जीप घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आलीस, पप्पा ओसरीवरून म्हणाले, "नवी माणसं आहेत, पण चांगली आहेत." मी ते कौतुक समजून तुला आनंदानं सांगितलं होतं. आज मला त्यातला 'पण' ऐकू येतो. तुला तेव्हाच आला असणार.

पण एक विचारू? महेशला तू बिचारा का केलंस? यावर मी रात्रंदिवस विचार केला. मला वाटतं, त्याच्याकडून तुझी काही अपेक्षा नव्हती, म्हणून त्याच्यावर रागवायचंही कारण नव्हतं. राग माझ्यासाठी राखून ठेवलास. हे प्रेम असेल तर फार महाग पडलं मला. तू समोर असतीस तर यावर आपण भांडलो असतो, तू जिंकली असतीस, आणि मग चहा झाला असता. ती संधीही तू मला ठेवली नाहीस. स्वतः वाचून दाखवायचा धीर झाला नाही, म्हणून माझ्याच तोंडून, भरल्या सभेत, मला ऐकवायची व्यवस्था करून गेलीस. भित्री कुठली.

प्रज्ञाकडून मी तो डबा मागून आणला. काल दुपारी परात घेऊन बसले. तुझ्यासारखी निवडली नाही, नुसती बघितली. किती वेळ लागत असेल तुला, ऑफिसातून आल्यावर, चष्मा लावून? मग तशीच धुऊन कुकरला लावली. टरफलं वर तरंगली. फोडणी दिली, भातावर घेतली, खाल्ली. दाताखाली कचकच येते. हे तू खात होतीस, आणि लातूरला आलीस की माझ्या वरणाची तारीफ करत होतीस.

अर्धा डबा अजून शिल्लक आहे.

तर ऐक, मी काय करणार आहे ते. रविवारी सकाळी महेश मला न्यायला त्याची गाडी घेऊन येतोय. लांबचा रस्ता आहे, अक्का, जेवूनच निघू, असं त्यानंच सांगितलंय. मी स्वयंपाक करीन. तूप, लिंबू, लोणचं, सगळं नीट. वरण त्या डब्यातल्या डाळीचं. निवडणार नाही. तो पहिला घास घेऊन थांबेल, तुझ्यासारखाच थांबेल, आणि विचारेल, अक्का, ही डाळ कुठली? मी त्याला सांगेन, तीच की, आपल्या मिलची.

मग आम्ही नांदेडला येऊ. तो पुढच्या रांगेत बसेल. मी तुझं प्रकरण वाचीन, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही शब्द न गाळता, न सुधारता. कमलिनीचं नाव येईल तिथे आवाज खाली आणणार नाही. एकच जागा अशी आहे जिथे मला माझ्या आवाजाचा भरवसा नाही. "मैत्रिणीनं पाठवली हाय." तिथे मी थांबले, तर तू समजून घे.

आणि माझा राग गेला असं मात्र समजू नकोस.

तुझी,
नलू